वरचं खाणं नुकतंच सुरू आणि परदेशवारी तोंडावर

प्रश्न : बाळ साडेपाच महिन्यांचं आहे. महिन्याभराने तीन आठवड्यांसाठी परदेशी जायचं आहे. वरचं खाणं आधी सुरू करावं की परतल्यावर?

उत्तर : सहा महिने पूर्ण झाले की सुरू करा, प्रवासापायी लांबवू नका. बाळाचा जन्मतः असलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो आणि ती तूट आईच्या दुधाने भरून निघत नाही. निघेपर्यंत तुमच्या हाती दोन आठवडे राहतात. तीन दिवसांना एक नवा पदार्थ धरला तरी चार पदार्थ अंगवळणी पडतील आणि तेवढे पुरेत. त्यांत लोहाचं काहीतरी हवंच : घोटलेली डाळ किंवा लोहयुक्त सीरिअल. अंडं किंवा शेंगदाण्याची पातळ पेस्ट द्यायची तर सकाळी, अगदी थोडी द्या. पुरळ, ओठांची सूज, उलटी ही लक्षणं बहुधा दोन तासांत दिसतात, तेव्हा बाळ डोळ्यांसमोर हवं. तीव्र एक्झिमा (इसब) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. निघण्याआधीचे तीन दिवस आणि प्रवासात नवं काहीही नको.

सुरुवातीला एका वेळी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा पुरे. प्रवासात बाळाने तोंड फिरवलं तर आग्रह करू नका. या वयात निम्म्याहून अधिक पोषण दुधातूनच मिळतं, दोन-चार दिवस खाणं कमी झालं तरी बिघडत नाही. दूध मात्र कमी होऊ देऊ नका.

प्रश्न : हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरहून जास्त द्रव चालत नाही. बाळाचं खाणं-पिणं कसं न्यायचं?

उत्तर : बाळाचं दूध, पाणी आणि पातळ खाणं यांना बहुतेक विमानतळांवर सूट असते, पण प्रवासाला लागेल तेवढ्यापुरतीच. हे सगळं एका वेगळ्या पिशवीत ठेवा आणि तपासणीच्या वेळी स्वतःहून बाहेर काढून दाखवा. घरी शिजवलेलं मऊ खाणं बाहेर दोन तासच टिकतं, 32 अंशांच्या वर एकच तास. त्यामुळे लांबच्या प्रवासाला सीलबंद पाऊच, कोरडं सीरिअल आणि न सोललेलं केळं बरं. पाऊचमधून थेट भरवू नका. चमच्यासोबत लाळ आत गेली की उरलेलं खाणं लगेच खराब होऊ लागतं, म्हणून वाटीत काढून भरवा.

प्रश्न : पावडरचं दूध विमानातल्या गरम पाण्यात केलं तर चालेल का?

उत्तर : शक्यतो नको. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर हा जंतू असू शकतो आणि तान्ह्या बाळाला तो घातक ठरतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना किमान 70 अंशांचं पाणी वापरायला सांगते. विमानातलं चहा-कॉफीचं पाणी उकळलेलं असेलच असं नाही, हाती येईपर्यंत ते किती निवलं हे कळत नाही आणि टाकीच्या स्वच्छतेचीही खात्री नसते. सर्वांत सुरक्षित म्हणजे सीलबंद बाटलीतलं तयार द्रव दूध. ते मिळत नसेल तर उकळतं पाणी थर्मासमध्ये न्या आणि एकेका वेळची पावडर मोजून कोरड्या डब्यांत भरा. तुमचा थर्मास प्रवासाचे तास पाणी 70 अंशांच्या वर ठेवतो का, हे आधीच घरी थर्मामीटर लावून पाहा. तयार बाटली गार पाण्यात धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. दोन तासांत संपली नाही तर दूध टाकून द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत यातलं काहीच करावं लागत नाही.

प्रश्न : उतरल्यावर कस्टम्समध्ये हे पदार्थ काढून घेतात का?

उत्तर : देशागणिक नियम वेगळे. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, मात्र बाळाची दूध-पावडर आणि बाळाचं तयार खाणं माणशी 2 किलोपर्यंत चालतं. ते कंपनीच्या मूळ वेष्टनात हवं आणि उघडण्याआधी फ्रिजची गरज नसलेलं हवं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर जाहीर करा, अर्धं केळंसुद्धा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवली तर दंड होतो.

प्रश्न : पोहोचल्यावर पाण्याचं काय?

उत्तर : पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, 2,000 मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं. बाटलीबंद पाणीही पावडरच्या दुधासाठी उकळायचंच. लेबलवर सोडियम लिटरला 200 मिलिग्रॅमहून कमी आहे ना, तेही पाहा. घरची 230 व्होल्टची किटली 120 व्होल्टच्या देशात जवळपास चौपट वेळ घेते, तेव्हा तिथलीच वापरा.

मध वर्षाच्या आत कुठल्याही देशात नको, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. जुलाब लागले तर दूध चालू ठेवा आणि ओआरएस थोडं थोडं चमच्याने पाजा. सहा तास डायपर कोरडा राहिला, डोक्यावरची टाळू खोल गेली किंवा बाळ मलूल पडलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.