४५ एचपीच्या ट्रॅक्टरला क्विक हिच घ्यावी का?

दादा, रोटाव्हेटर, पलटी नांगर अन् पेरणी यंत्र सारखं बदलावं लागतं, म्हणून क्विक हिच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडांवर बसणारी अन् औजार पटकन हुकात अडकवणारी फ्रेम, घ्यावी का असं विचारलंय तुम्ही. औजारं तीन-चार असतील अन् जोडायला माणूस एकटाच असेल तर घ्याच, कारण आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या रानात वापसा (मशागतीजोगी ओल) थोडाच वेळ टिकतो, त्यात पिना ठोकत बसणं परवडत नाही.

पण आधी सगळ्या औजारांच्या पिना मोजा. खालच्या पिना २२ मिमीच्या म्हणजे कॅटेगरी १, २८ च्या म्हणजे कॅटेगरी २, अन् नुसती जाडी नाही, दोन पिनांमधलं अंतरही वेगळं असतं, त्यामुळं बुश (पिनेची जाडी वाढवणारी नळी) घालून भागेलच असं नाही. खालच्या पिनांपासून टॉपलिंकच्या (वरच्या मधल्या जोडदांड्याच्या) भोकाची उंचीही औजारागणिक बदलते, म्हणून वरचा हुक खाली-वर होणारीच फ्रेम बघा.

सगळ्यात महत्त्वाचं पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद औजाराला देणारा फिरता दांडा. हिच बसवली की औजार साधारण १० सेंमी मागं जातं, मग शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकीत कमी राहतात, अन् रोटाव्हेटर उचलला की निसटायची भीती. पीटीओ बंद ठेवून औजार वर-खाली करा, अन् दर वेळी इंजिन बंद करूनच तपासा, कमी वाटलं तर लांब शाफ्टच घ्या. फ्रेमचं वजनही लिफ्टवर येतं, जड नांगराला पुढचं चाक हलकं झालं तर पुढं वजनं लावा.

जोडल्यावर दोन्ही बाजूचे लॉक बसलेत का ते उतरून हातानं बघा, मगच उचला.