अ‍ॅक्सिऑनसाठी तांब्याचा डबा

प्रश्न : कृष्णपदार्थाचा, म्हणजे डार्क मॅटरचा, प्रकाशाशी संबंध नाही असं वाचलं. मग सिएटलच्या एडीएमएक्स प्रयोगात तो चुंबक आणि रेडिओ लावून का शोधतात? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : संबंध असलाच तर तो अतिशय क्षीण असला पाहिजे, निरीक्षणं एवढंच सांगतात. कृष्णपदार्थ ज्याचा बनलेला असू शकतो, पण जो अजून सापडलेला नाही, अशा अ‍ॅक्सिऑन या कणाला नेमकी ही फट मिळते. एडीएमएक्स हा त्याच्याच शोधाचा प्रयोग. पेच्ची आणि क्विन या भौतिकशास्त्रज्ञांच्या 1977 सालच्या कल्पनेतून असा कण निघतो, हे वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी 1978 साली दाखवलं. त्याला विद्युतभार नाही. पण त्याच्या समीकरणात अ‍ॅक्सिऑन, विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या गुणाकाराचं एक पद येतं, आणि दोन्ही क्षेत्रं एकमेकांना काटकोनात असली की ते शून्य होतं. म्हणून जोरदार चुंबकीय क्षेत्रात अ‍ॅक्सिऑनपासून त्याच दिशेचं, सूक्ष्म, थरथरतं विद्युतक्षेत्र तयार व्हायला हवं. ते पकडायची ही रीत सिकिव्ही यांनी 1983 साली सुचवली.

इथे एकेक कण मोजत बसायचं नसतं. वस्तुमान 2.7 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट धरा (कणांचं वस्तुमान ऊर्जेच्या एककात सांगतात). आपल्या आकाशगंगेतला वेग प्रकाशाच्या हजारांश, म्हणून द ब्रॉग्ली तरंगलांबी, म्हणजे कणाला लहर मानलं तर तिची लांबी, सुमारे 460 मीटर येते. आणि दर घनसेंटीमीटरमध्ये कण किती, तर 10 च्या 14 व्या घाताएवढे. ही एकसंध लहरच झाली. तिची वारंवारता सुमारे 650 मेगाहर्ट्झ आणि रुंदी तिच्या दहा लाखाव्या भागाएवढी, म्हणजे जेमतेम 650 हर्ट्झ.

एडीएमएक्सचा तांब्याचा मुलामा दिलेला डबा सुमारे 136 लिटरचा आहे, आणि तो सुमारे 7 टेस्लाच्या चुंबकात बसवलेला आहे. डब्याची स्वतःची वारंवारता अ‍ॅक्सिऑनच्या वारंवारतेशी जुळली, म्हणजे अनुनाद झाला, की तो सूक्ष्म संकेत डब्यात वाढतो. 21 सेंटीमीटर त्रिज्येचा रिकामा डबा 546 मेगाहर्ट्झला घुमतो. आतले तांब्याचे दांडे भिंतीकडून मध्याकडे सरकवले की वारंवारता चढते. अ‍ॅक्सिऑनचं वस्तुमान माहीत नसल्यामुळे हे ट्यूनिंग अगदी थोडं थोडं करत जावं लागतं.

अपेक्षित शक्ती 10 च्या उणे 23 व्या घाताएवढ्या वॅटची. खरी अडचण इथेच आहे. गोंगाट तापमानात मोजतात; डबा आणि अ‍ॅम्प्लिफायर मिळून तो 0.3 केल्विनचा धरला, तर 650 हर्ट्झच्या पट्ट्यात तो संकेताच्या सुमारे 270 पट भरतो. मोजणी लांबवली तर सरासरीतला चढउतार वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. या चढउताराच्या साडेतीन पट उठून दिसणारा संकेत हवा असेल तर 20 ते 25 मिनिटं लागतात. उलट गोंगाटाचं तापमान निम्मं केलं तर शोध चौपट वेगानं होतो. म्हणूनच अत्यंत कमी गोंगाटाचे क्वांटम अ‍ॅम्प्लिफायर आणि निरपेक्ष शून्याजवळ थंड करणारे डायल्यूशन फ्रिज यांच्यावर एवढा खर्च करावा लागतो, आणि माझ्या मते तो योग्य आहे.

दांडा सरकताना कधी कधी डब्यातलं दुसरंच कंपन त्याच वारंवारतेवर येतं. मग विद्युतक्षेत्राची मांडणी बिघडते आणि तेवढी पट्टी आंधळी राहते. ती पुढे दुसऱ्या मांडणीनं भरून काढावी लागते.

प्रश्न : संकेत दिसला, तर तो बाहेरच्या रेडिओचा नाही हे कसं ओळखायचं? (वाचक, मडगाव)

उत्तर : आधी त्याच जागी पुन्हा मोजायचं. मग डब्याचं ट्यूनिंग थोडं हलवायचं. डब्यातला संकेत अनुनादाबरोबर वाढेल आणि घटेल, बाहेरून झिरपलेला मात्र तसा वागेलच असं नाही. शेवटी चुंबकाचं क्षेत्र उतरवायचं. अ‍ॅक्सिऑनची शक्ती क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून क्षेत्र निम्मं केलं की ती चौथाईवर आली पाहिजे आणि शून्य क्षेत्रात नाहीशी झाली पाहिजे. रेडिओ केंद्राला आपल्या चुंबकाचा पत्ताही नसतो.