यॉर्कशायर डेल्समधली सायकल : चुनखडकाचा चढ, चुनखडकाचे पाणी

एप्रिल उजाडला की लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर इथल्या मराठी मंडळींची आणि सुट्टीत मुलांकडे येऊ घातलेल्या पालकांचीही पत्रे सुरू होतात. यॉर्कशायर डेल्सच्या दऱ्यांमध्ये सायकल न्यायची आहे, कुठून सुरुवात करू, काय बरोबर घेऊ, असे ते विचारतात. गेली काही वर्षे मी या भागात सायकलस्वारांचे गट घेऊन जाते आहे. गोंधळ दरवर्षी तोच असतो, त्यामुळे यंदा निवडक प्रश्नांना एकत्रच उत्तरे देते आहे.

प्रश्न : वरंधा आणि आंबोली हे दोन्ही घाट मी सायकलने चढलो आहे. डेल्समधले रस्ते जेमतेम ५००-६०० मीटर उंचीवर जातात. मग त्यांची एवढी धास्ती कशाला?

उत्तर : उंची बघून चढाचा अंदाज बांधू नका. आपल्याकडचे घाटरस्ते भरलेली वाहने चढावीत म्हणून वळणे घेत, बेताच्या चढाने आखलेले असतात. डेल्समधले अनेक रस्ते जुन्या तांड्यांच्या आणि गुरे हाकण्याच्या वाटांवर डांबर टाकून झालेले आहेत आणि ते वळसा न घेता सरळ डोंगराच्या अंगावर जातात. केटलवेल गावाबाहेरच्या पार्क रॅशच्या चढावर काही ठिकाणी चारास एक, म्हणजे २५ टक्के चढ आहे. हॉज आणि वॉर्फडेल यांच्या मधला फ्लीट मॉसचा रस्ता ५८९ मीटरवर जातो, आणि तिथे वारा समोरून असला तर सपाटीवरही दम निघतो. पहिल्या दिवशी स्किप्टनहून गारग्रेव्ह आणि एअरटनमार्गे मॅलम गाठावे आणि तसेच परत यावे. हे अंतर जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर भरते. त्यात वर्दळीचा ए-६५ रस्ता शक्य तेवढा टाळून आतले रस्ते धरावेत. मॅलमच्या पुढे मॅलम टार्न या तळ्याकडे जाणारा चढ दुसऱ्या खेपेला ठेवा. पुढची लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती यांचे दात जवळपास सारखे असतील, अशी गिअरची जोडणी दुकानदाराकडून करून घ्या आणि त्याच फेरीत ब्रेकचे पॅडही तपासून घ्या, कारण ओल्या उतारावर झिजलेला पॅड आयत्या वेळी दगा देतो.

प्रश्न : तिथले रस्ते पांढऱ्या खडीचे असतात का? टायर वेगळे लागतील का?

उत्तर : रस्ते डांबरी आहेत, २८ किंवा ३२ मिलिमीटरचे साधे टायर पुरतात.

प्रश्न : मॅलम कोव्ह या कड्याच्या माथ्यावर जो भेगाळलेला पांढरा खडक आहे, त्यावर सायकल घेऊन फोटो काढता येईल का?

उत्तर : नाही. तिथून पेनाइन वे ही पायवाट जाते, आणि इंग्लंडमध्ये पायवाटेवर सायकल चालवता येत नाही. सायकल खाली लावून चालत जा. खडकाच्या फरशांमधल्या भेगा काही ठिकाणी माणसाच्या कमरेएवढ्या खोल आहेत आणि हजारो पायांनी गुळगुळीत झालेला दगड पावसात अतिशय निसरडा होतो.

प्रश्न : डेल्समध्ये जागोजागी स्वच्छ झरे आहेत असे ऐकले. आम्ही गडकोटांवर टाक्यांतले पाणी पीत वाढलो. तिथे बाटली झऱ्यावर भरून घेतली तर ओझे वाचेल. आमच्या ग्रुपवर तर हे पाणी ‘खनिजयुक्त आणि औषधी’ असल्याचा संदेशही फिरतो आहे.

उत्तर : हा संदेश माझ्याकडे आतापर्यंत चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला आहे आणि चौघांनाही मी एकच विनंती केली की तो पुढे पाठवू नका. या प्रश्नाला सविस्तर उत्तर देते, कारण बाकीच्या चुकांनी फार तर एक दिवस वाया जातो, ही चूक मात्र माणसाला आठवडाभर अंथरुणात झोपवते.

माती आणि वाळूच्या थरांतून सावकाश झिरपणारे पाणी वाटेत बऱ्यापैकी गाळले जाते. चुनखडकात तसे होत नाही. पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात हा खडक विरघळत जातो, त्याच्या भेगा रुंदावतात, त्यांची विवरे आणि भुयारे होतात आणि पाणी त्यांतून वाहत्या ओढ्यासारखे धावते. त्याला गाळणारे वाटेत काहीच नसते. मॅलम टार्नच्या दक्षिणेला, रस्त्यापासून थोड्याच अंतरावर, वॉटर सिंक्स नावाची जागा आहे. तिथे जरूर जाऊन उभे राहा. टार्नमधून निघालेला चांगला खळाळता ओढा गवतातून येतो, दगडधोंड्यांच्या पसाऱ्यात शिरतो, पसरतो, आणि दहा-वीस पावलांत डोळ्यांदेखत नाहीसा होतो. पुढे कोरडी दरी राहते. सहज कुणालाही वाटेल की हेच पाणी खाली कोव्हच्या ८० मीटर उंच कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडत असणार. तसे नाही. ते मॅलम गावाच्याही खाली एअर हेड इथे वर येते, आणि कड्याच्या पायथ्याशी येणारे पाणी दुसरीकडेच, जुन्या शिसे वितळवण्याच्या भट्टीजवळ, जमिनीत शिरलेले असते. पाण्यात रंग आणि क्षार सोडून हे तपासले गेले आहे. झऱ्याच्या तोंडाशी उभे राहून पाणी कुठून आले हे डोळ्यांनी सांगता येत नाही, एवढे यावरून ध्यानात घ्या.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही वॉटर सिंक्सला थांबलो होतो. ओढ्याच्या काठाने थोडे वर गेलो तर पाण्यात अर्धी बुडालेली मेंढी पडली होती. लोकर प्रवाहाबरोबर हलत होती आणि तिच्या पोटाला लागूनच पाणी पुढे जात होते. त्याच दिवशी दुपारी आमच्यातल्या एका तरुणाने, मी मागे राहिले असताना, कोव्हच्या पायथ्याशी बाटली भरली. ते पाणी मेंढीच्या ओढ्याचे नव्हते हे खरे, पण त्याच्याही वरच्या अंगाला चरणारी मेंढरे आहेतच. आठ दिवसांनी त्याला जुलाब सुरू झाले आणि दोन आठवडे थांबले नाहीत. तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम निघाला. त्याची लागण नेमकी त्या बाटलीनेच झाली हे मी सिद्ध करू शकत नाही. पण हा जंतू मेंढ्या-गुरांच्या विष्ठेतून पाण्यात येतो आणि त्याची लक्षणे साधारण आठवडाभराने दिसू लागतात.

आता ‘९९.९९ टक्के शुद्ध’ असे छापलेल्या, पाणी गाळणाऱ्या बाटल्यांविषयी. तो आकडा कोणत्या जंतूंसाठी आहे, हे पाकिटावर शोधा. नसेल तर पैसे देऊ नका. क्लोरीनच्या गोळ्यांवर या जंतूच्या बाबतीत विसंबता येत नाही. पाणी उकळल्याने तो मरतो, चांगल्या बारीक गाळणीत तो अडकतो. पण स्वेलडेलमध्ये आणि ग्रासिंग्टनच्या माळावर शतकानुशतके शिशाच्या खाणी होत्या. त्यांच्या टाकाऊ ढिगाऱ्यांमधून येणाऱ्या पाण्यातले विरघळलेले शिसे उकळून जात नाही आणि साध्या गाळणीनेही जात नाही. म्हणून माझा नियम साधा आहे : नळाचे पाणी, दोन मोठ्या बाटल्या, आणि दिसेल त्या गावात भरून घेणे. चहाच्या दुकानात किंवा पबमध्ये काहीतरी विकत घेऊन विनंती केली तर बाटली भरून मिळते, नाही म्हणणारा मला क्वचितच भेटला. मॅलम सोडल्यावर आर्नक्लिफपर्यंत दुकान नाही, हे धरून चाला.

आणि कुणी प्यायलेच असेल तर? लक्षणे नसतील तर घाबरू नका, पण तारीख लिहून ठेवा. जुलाब सुरू झाले तर मीठ-साखरेचे पाणी किंवा औषधांच्या दुकानातली तयार पुडी घेत राहा आणि तुमच्या जीपीला (नेहमीच्या डॉक्टरांना) झऱ्याच्या पाण्याविषयी आपणहून सांगा. न सांगितल्यास या जंतूची तपासणी होईलच असे नाही. शौचातून रक्त पडत असेल तर भारतातून आणलेल्या जुलाब थांबवण्याच्या किंवा अँटिबायोटिक गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नका. गुरांकडून येणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या एका प्रकारात अशा गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी १११ ला (तिथल्या सरकारी आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकाला) फोन करा. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये.

प्रश्न : चुनखडकाच्या भागातले नळाचे पाणी जड असते. त्याने मुतखडा होतो का?

उत्तर : सहलीतल्या दोन-तीन दिवसांच्या पाण्याने होत नाही. त्या भीतीने पाणी कमी पिणे मात्र खरोखर अपायकारक आहे. पूर्वी खडा झाला असेल तर दिवसाला किती पाणी प्यावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

प्रश्न : माझे वय ५४. एका सहल कंपनीने ‘टूर द फ्रान्सच्या मार्गावर, नवशिक्यांसाठी’ अशी दोन दिवसांची सहल देऊ केली आहे. चढावर गेले दोन महिने छातीत थोडे जड होते आणि थांबले की बरे वाटते. मित्र म्हणतात गॅस आहे. पैसे भरू का?

उत्तर : आधी जीपी, मग पैसे. श्रम केल्यावर छाती जड होणे आणि थांबल्यावर बरे वाटणे हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. गॅस आहे की नाही, हे तुमच्या मित्रांनी ठरवायचे नसते. दोन महिने दवडलेत, आता हा मजकूर वाचून झाल्यावर लगेच जीपीची वेळ ठरवून घ्या आणि तोवर चढावर सायकल नेऊ नका. बसल्या जागी असे झाले किंवा थांबल्यावरही ते ओसरले नाही, तर थेट ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

सहलीविषयी सांगायचे तर, ५ जुलै २०१४ रोजी त्या शर्यतीचा पहिला टप्पा लीड्सहून हॅरोगेटपर्यंत डेल्समधून गेला, हे खरे आहे. तो १९०.५ किलोमीटरचा होता, रस्ते इतर वाहनांना बंद होते आणि वाटेत बटरटब्जचा चढ होता. तोच मार्ग नवशिक्यांसाठी विकणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे. रोजचे अंतर, एकूण चढ, मदतीची गाडी आणि विमा या चार गोष्टी त्यांच्याकडून लेखी मागा. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.

प्रश्न : रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी असते, ती कशी ओलांडायची?

उत्तर : ती मेंढरे अडवण्यासाठी असते. चाक नळ्यांशी काटकोनात ठेवा, हँडल वळवू नका, जाळीवर ब्रेक दाबू नका. पाऊस असेल आणि भीती वाटत असेल तर उतरून बाजूचे फाटक उघडा, आणि पलीकडे गेल्यावर ते आठवणीने लावा.

प्रश्न : लीड्सहून सेटलपर्यंत रेल्वेने सायकल नेता येते का?

उत्तर : येते, मात्र एका गाडीत फार थोड्या सायकलींना जागा असते आणि आधी येईल त्याला ती मिळते. चौघे-पाचजण एकत्र जाणार असाल तर निरनिराळ्या गाड्या धरा आणि निघण्यापूर्वी रेल्वे कंपनीकडून त्या दिवशीचा नियम विचारून घ्या.