धनुष्याला सागवान चालेल का?

प्रश्न : घरी सागवानाची जुनी फळी आहे. तिचं धनुष्य होईल का?

उत्तर : फळीचा पाट करा! सागवान दारं-खिडक्यांना उत्तम, पण माझं पहिलं धनुष्य त्याचंच होतं. कानाशी कडकन मोडलं. धामण (झाड हो, साप नव्हे) मिळाली तर सोनं. तिच्या चिवट लाकडाचे कुऱ्हाडीचे दांडे करतात. संस्कृतात ती 'धन्वन'. ओंडका करवतीनं न कापता पाचर मारून उभा फाडा, म्हणजे लाकडाच्या उभ्या रेषा अखंड राहतात. सावलीत सावकाश वाळवा. बाण जातो त्या बाजूचा, सालीखालचा थर अजिबात तासू नका, ताण तिथेच येतो. तासायचं ते पोटाकडून, म्हणजे आपल्याकडच्या बाजूनं. धामण नाहीच मिळाली, तर भरीव मानवेल बांबू घ्या. भिल्लांच्या बांबूच्या धनुष्याला दोरीसुद्धा बांबूच्या कामटीचीच असते.