फूटपट्टी आणि फुल्या

"बाबांनी फोडून काढलं म्हणून मी इंजिनीअर झालो. मुलीवर मी हात उचलत नाही, पण धाक नसला तर ती वाया जाईल असं वाटतं. आणि ओरडलो की रात्रभर मलाच झोप लागत नाही." समुपदेशनाला येणाऱ्या चाळिशीतल्या बापांकडून हे मी नेहमी ऐकते. त्यांच्यापैकी एकांची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ मूळचे मिरजेकडचे, नोकरीला पुण्यात. वडील शिक्षक. घरी दिवेलागणीला शुभंकरोती, मग पाढे. एकोणतीसच्या पाढ्यात अडखळलं की हातावर फूटपट्टी, तीही कडेने. सांगताना ते हसत होते. "आमच्या वेळी असंच होतं हो, मॅडम." बोलता बोलता कागदावर रेघ मारायला मी टेबलावरची पट्टी उचलली, तर त्यांचा हात झटकन टेबलाखाली गेला. ते त्यांच्याही लक्षात आलं. थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

नववीतल्या मुलीला बीजगणिताच्या चाचणीत २० पैकी ११ मिळाले, तेव्हा यांनी तिची वही भिंतीवर फेकली होती. ती रडली नाही, उलटून बोलली नाही. वही उचलली, दुमडलेली पानं हाताने सारखी केली आणि तीच गणितं पुन्हा सोडवायला बसली. "मी अगदी असाच बसायचो," ते म्हणाले. त्या रात्री घाबरून त्यांनी माझी वेळ घेतली.

आता, प्रयत्नात ते कुठे कमी पडत होते म्हणाल तर तसंही नाही. वर्षभर पहाटे उठून गीता, मन स्थिर ठेवायला शिकवणारे ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञ, सगळं वाचून झालं होतं. स्थितप्रज्ञाची लक्षणं तोंडपाठ. ज्या दिवशी राग येईल त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल फुली, आणि फुली पडली की संध्याकाळचा चहा बंद.

"ही शिक्षा कुणी ठरवली?"

"मीच." मग जरा वेळाने, "पाढा चुकला की बाबा रात्रीचं दूध बंद करायचे."

मार खाऊन शिकलेल्या माणसाच्या हाती तत्त्वज्ञान दिलं तरी तो त्याची पट्टीच करतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. "मार्क पडलेच पाहिजेत" जाऊन "मन शांत राहिलंच पाहिजे" येतं. समाधान हा आणखी एक विषय, आणि त्यातही नापास.

अल्बर्ट एलिस या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला घेतली, तेव्हा त्याने आधार घेतला तो एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाच्या एका विचाराचा: माणूस अस्वस्थ होतो तो घटनेमुळे नव्हे, घटनेबद्दलच्या स्वतःच्या मतामुळे. एपिक्टेटस जन्माने गुलाम. दुसऱ्याच्या धाकात जगणं त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. एलिसने मात्र एक गोष्ट निक्षून सांगितली: वाईट वाटणं, काळजी वाटणं, नाराज होणं या निरोगी भावना आहेत, त्या पुसायला जाऊ नका. सोडायचा तो हट्ट. मराठीत तो एका अक्षरात सापडतो, "च".

म्हणून मी त्यांना वाक्यं लिहायला सांगितली. "तिला चांगले मार्क मिळालेच पाहिजेत." मग "च" खोडून: "मिळाले तर मला आवडेल. नाही मिळाले तर वाईट वाटेल. ते मला सोसवेल." तिसऱ्या वाक्यावर पेन अडलं.

"अशाने ती ढिली पडेल."

"नियम ढिले करा असं कुठे म्हटलंय? साडेनऊला मोबाईल बाहेर, तर बाहेर. तो ठेवायला सांगताना दात-ओठ कशाला खायचे?"

पटलं नाही. मी विचारलं, तुम्हाला बीजगणित नेमकं कुणामुळे आलं? उत्तर तयार असेल असं वाटलं होतं, पण ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. पाढे बाबांचे. बीजगणित आत्याचं. मे महिन्याच्या सुट्टीत आत्या शेंगा फोडत बसायची आणि टरफलांची गणितं घालायची. मूठ झाकून विचारायची, यात किती असतील सांग. "क्ष म्हणजे झाकलेली मूठ, एवढंच ती म्हणायची." आत्याने कधी मारलं नाही. तीस वर्षं सगळं श्रेय पट्टीच्याच खात्यावर जमा होत होतं.

बाबांना दोष द्यायचा का, हा प्रश्न पुढे दोन भेटी चालला. मी त्यात फार पडले नाही. त्या माणसालाही कुणीतरी पट्टीनेच शिकवलं असणार, आणि ते आता ऐंशीचे आहेत.

चौथ्या भेटीला आले तेव्हा पुढची चाचणी झाली होती. वीसपैकी बारा.

"मग?"

"वाईट वाटलं. चिडलोही. चप्पल घालून चौकापर्यंत जाऊन आलो. मग तिच्या शेजारी बसलो. शेंगा नव्हत्या, चणे घेतले."

"आणि फुली?"

"कॅलेंडरच काढून टाकलं. बायको जाम भडकली, दुधाचा हिशेब त्याच्यावरच होता."