बर्ड फ्लू आला की सरकार भरपाई देतंच ना, मग छोटे पोल्ट्रीवाले एवढे अडचणीत का येतात?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय की गावी हजार पक्ष्यांचा शेड टाकायचा विचार आहे, धोका किती ते सांगा. शेडचं नंतर सांगते. आधी भरपाईचं, कारण ती सगळ्यांना मिळते असं तुम्ही धरून चाललाय आणि तिथंच चूक होतेय.

भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची. रोगानं आधीच मेलेल्यांची नाही, आणि भाव पडल्यामुळं झालेल्या नुकसानीची तर नाहीच. भोपाळच्या प्रयोगशाळेतून अहवाल पॉझिटिव्ह आला की त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारून पुरतात. त्याबाहेर दहा किलोमीटरपर्यंत पक्षी जिवंत राहतात, पण खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद होते. एक किलोमीटरच्या आतल्यांना थोडंफार तरी मिळतं. त्या नऊ किलोमीटरच्या पट्ट्यातल्यांना काही नाही. आम्ही त्या पट्ट्यात होतो.

जे मिळतं तेही बघा. २०२१ ला दर होते ते असे: सहा आठवड्यांपर्यंतच्या ब्रॉयलरला, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबडीला, २० रुपये, त्याच्या वरच्याला ७०. अंड्यावरच्या कोंबडीला आठ आठवड्यांपर्यंत २० आणि पुढं ९०. नष्ट केलेल्या अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागं १२. आता ब्रॉयलर पाळणाऱ्या कुणालाही विचारा, पक्षी दोन किलोचा होऊन विक्रीला कधी येतो? पाच-साडेपाच आठवड्यांत. म्हणजे बाजारात जायला तयार असलेला, दीडशे रुपये पोटात घातलेला पक्षी सरकारी हिशेबात २० रुपयांचा. ही ओळ लिहिणाऱ्यानं ब्रॉयलरचा शेड आतून कधी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

आमचं मराठवाड्यातलं गाव, शेड पंधराशेचा. कंपनीचा करार नाही. पिल्लं आमची, खाद्य आमचं, विक्रीही आमची. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकननं कोरोना होतो ही अफवा उठली तेव्हा एक लॉट, म्हणजे एकदम टाकलेली पिल्लांची खेप, जवळजवळ फुकट गेला होता, त्याची उधारी अजून अंगावर होती. ती फेडायची म्हणून जानेवारी २०२१ चा लॉट आम्ही विचार करून टाकला. १५ जानेवारीला ग्रामपंचायतींचं मतदान होतं. निवडणुकीत गावोगाव जेवणावळी उठतात, चिकनला भाव असतो, हे इकडं कुणाला सांगावं लागत नाही. व्यापाऱ्यानं किलोला ८५ चा भाव बोलून ठेवला होता.

परभणीजवळच्या मुरुंब्याला आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या होत्या. तो अहवाल ११ जानेवारीला आला. केरळात बदकं, हिमाचलात पोंग धरणावर बाहेरून आलेले हंस आधीच मरत होते, पण ते टीव्हीवरचं होतं. मुरुंबा आलं आणि संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला, ६५ नं उचलतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला बघू. मग त्यानं फोन उचलणंच बंद केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्यापासून सात-आठ किलोमीटरवर एका गावात मरतूक झाली आणि आमच्यावर बंदी लागली.

आमच्या शेडात एकही पक्षी आजारी नव्हता. तेच तर दुखणं होतं. आजारी असते तर मेले असते नाहीतर मारले असते, खर्च तरी थांबला असता. जिवंत पक्षी खातो. त्या वयाचे पंधराशे पक्षी दिवसाला पाच पोती खाद्य संपवतात. पोतं तेव्हा साडेसतराशेच्या आसपास. रोज सकाळी उठून आठ-नऊ हजार रुपये फीडरमध्ये ओतायचे आणि संध्याकाळी पक्ष्याचा भाव आणखी दोन रुपयांनी उतरलेला ऐकायचा. शेवटी खाद्य निम्म्यावर आणलं, बाकी मक्याचा भरडा दिला.

अडीच किलोच्या पुढं पक्षी गेला की हॉटेलवाल्याला तो नको असतो. थंडीत असे जड पक्षी पोटात पाणी होऊन मरायला लागतात. शेडात गेलं की पूर्वी पायात यायचे ते आता खाली अंथरलेल्या तुसावर बसून राहायचे, फीडर हलवला तरी उठायचे नाहीत, माना तेवढ्या वळवायचे. तूस ओलं होऊन त्याचा उग्र वास डोळ्यांत झोंबायचा. ते तूस मी स्वतः रोज खोऱ्यानं खालीवर करत होते, कारण मजूर यायला घाबरत होता. त्याच्या बायकोनं टीव्हीवर पांढरे सूट घातलेली माणसं कोंबड्या पोत्यात भरताना पाहिली होती. मी त्याला दोष देत नाही. चॅनेलवाल्यांना देते. एका गावचं चित्र दिवसभर राज्यभर फिरवायचं आणि खाली पट्टी चालवायची, त्यानं शंभर किलोमीटरवरचा भाव पडतो.

शहरात मात्र दुकानदार चिकन पूर्वीच्याच भावात विकत होता. शेडवरचा भाव निम्मा झाला तरी काउंटरवरचा निम्मा होत नाही. हा फरक कोण खातं ते मी इथं लिहीत नाही, पण तो शेतकरी खात नाही आणि गिऱ्हाईकही खात नाही.

तेव्हाच आमच्या घरात तो वाद झाला, जो अजून मिटलेला नाही. माझे दीर एक दिवस व्यापारी घेऊन आले. रात्री दोनला पिकअप लावायची, आडरस्त्यानं शेजारच्या जिल्ह्यात माल उतरवायचा, ४० रुपये किलो रोख. ह्यांचं मन अर्धं झालं होतं, कारण खाद्यवाला दारात येऊन बसत होता. मी नाही म्हटलं. भाऊजी म्हणाले, वहिनी, पक्षी आपले निरोगी आहेत, कुणाचं काय बिघडणार आहे?

निरोगी आहेत हे आम्हाला कसं ठाऊक? स्वॅब नेले होते, अहवाल यायचा होता. आणि पक्षी निरोगी असले तरी गाडी? ती गाडी आधी कुठल्या शेडवर लागली होती हे तो सांगत नव्हता. क्रेट मी पाहिले, जाळीत जुनी विष्ठा वाळून बसली होती. हा रोग वाऱ्यापेक्षा क्रेटवरून, चाकांवरून, भरणाऱ्या पोरांच्या चपलांवरून जास्त हिंडतो. बंदी आहे ती त्यासाठीच. मानमोडीला, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाला, लस टोचून मोकळं होता येतं. याला आपल्याकडं लस देत नाहीत, सापडला की मारून टाकायचं एवढंच धोरण आहे. म्हणून ती गाडी पुढच्या गावात रोग घेऊन गेली असती तर तिथल्या एक किलोमीटरमधलं प्रत्येक खुराडं रिकामं झालं असतं.

खुराड्यांचं लोक विसरतात. आमच्या सासूबाईंच्या पंधरा-वीस गावठी कोंबड्या आहेत, रात्री डालग्याखाली झाकायच्या. अंडी आणि तलंगा विकून त्यांचा चहा-साखरेचा, नातवाच्या हातावर ठेवायचा पैसा सुटतो. तो पैसा त्या कुणाला मागत नाहीत आणि कुणाला हिशेब देत नाहीत. गावोगाव अशा बायका आहेत. पथक येतं तेव्हा शेड आणि डालगं असा भेद करत नाही. शेडवाला कर्ज काढून पुन्हा उभा राहतो, त्या बाईची खुडूक बसलेली कोंबडी, तिची अंडी, सगळी पैदास एका दुपारी जाते.

आमचा अहवाल निगेटिव्ह आला. बंदी उठली तोवर पक्षी अवाढव्य झाले होते आणि दीडशेच्या आसपास मेले होते. उरलेले आठवडी बाजारातल्या खाटकांना थोडे थोडे करून कधी ३८, कधी ४० नं दिले. दीड लाखाच्या वर खोट आली. भाऊजींच्या गाडीत भरले असते तर तोटा साठ-सत्तर हजारांनी कमी झाला असता, हे मी मान्य करते. पलीकडच्या गावात एकानं तसे भरले, आणि त्याचं काही वाकडं झालं नाही. घरात कुठलंही कार्य असो, भाऊजी तेच काढतात. माझं उत्तर आजही तेच आहे. त्याचा माल निरोगी निघाला हे त्याचं नशीब होतं, भरताना त्याला ते ठाऊक नव्हतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरवाल्यांना विचारा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथं सापडला. लाखो पक्षी मारले, शेड महिनोन्‌महिने ओस पडले. लोकांनी पुन्हा कर्ज काढून धंदा उभा केला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तिथंच परत आला. पहिल्या वेळेनंतर काही आठवड्यांतच जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांत निघाला होता. मंचावर बसून चिकन खाणारे पुढारी आपण तेव्हापासून बघतोय. त्यांनी तंगडी खाल्ल्यानं शेडवरचा भाव चढलेला मी तरी पाहिलेला नाही.

मला विचाराल तर करायला पाहिजे ते एकच. दहा किलोमीटरच्या पट्ट्यात बंदी घालता ना, मग बंदी असेपर्यंत खाद्याचे पैसे द्या, किंवा तपासून निगेटिव्ह आलेला माल सरकारनं ठरलेल्या भावानं उचलावा. बंदी सगळ्यांच्या भल्यासाठी आहे, तर तिचा खर्च एकट्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यानं का सोसायचा? आज जो नियम पाळतो तो बुडतो आणि जो रात्री गाडी भरतो तो तरतो. मरतूक झाली तर कळवणारे कमी का, याचं उत्तरही यातच आहे. कळवणाऱ्याला २० रुपये आणि शेजाऱ्यांचे शिव्याशाप, न कळवणाऱ्याला ४० रुपये रोख.

आता तुमचा शेड. टाका, पण खाद्याचे सगळे पैसे उधारीवर धरून टाकू नका. किमान वीस दिवसांचं खाद्य विकत घेता येईल एवढी रक्कम बाजूला ठेवा, तिला घरखर्चालाही हात लावू नका. तळ्याकाठी, बगळे-बदकं उतरतात तिथं शेड नको. जाळी बारीक लावा. त्याच आवारात गावठी कोंबड्या किंवा बदकं पाळू नका. दाराशी चुन्याचं नाहीतर जंतुनाशकाचं पायपुसणं ठेवा. व्यापाऱ्याची गाडी आणि त्याचे क्रेट शेडच्या तोंडाशी येऊ देऊ नका, तुम्ही बाहेर नेऊन द्या. एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर लॉट टाकू नका. भाव सावरायला किती दिवस लागतात असंही तुम्ही विचारलंय. ते आजार किती गावांत पसरला आणि टीव्हीवर किती दिवस चालला यावर आहे. ब्रॉयलरचा भाव सावरला तरी तोवर तुमचा पक्षी म्हातारा झालेला असतो. बाधित शेडात तर साफसफाईचा दाखला मिळाल्यावरही तीनेक महिने देखरेख चालते, तोवर पिल्लं टाकता येत नाहीत आणि बँकेचा हप्ता थांबत नाही.

कंपनीच्या करारात असाल तर यातलं बरंच वेगळं. पक्षी आणि खाद्य कंपनीचं, त्यामुळं खाद्याचा बोजा तुमच्यावर नाही, पण शेड रिकामा राहिला की उत्पन्न शून्य. भरपाईचे पैसे कुणाच्या नावावर येणार हे सही करण्याआधी करारात वाचून घ्या. दर मी २०२१ चे दिलेत, आताचे तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात विचारा.

आणि वर मी चॅनेलवाल्यांवर रागावले म्हणून रोग माणसाला होतच नाही असा अर्थ काढू नका. २०२१ च्या जुलैमध्ये हरियाणाचा अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये याच रोगानं गेला. नीट शिजवलेल्या चिकन-अंड्यातून धोका नाही, ७० अंशांच्या वर विषाणू टिकत नाही. धोका मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलणाऱ्याला आहे, म्हणजे आम्हालाच. शेडात एकदम जास्त मरतूक दिसली तर हातमोजे, मास्क घाला, पोरांना लांब ठेवा, पक्षी नाल्यात फेकू नका, आणि त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात कळवा. घरातलं कुणी रात्रीच्या गाडीचं बोलायला लागलं तर त्याला आधी ते क्रेट दाखवा.