शनिवार-रविवारची नाटके आणि घराचा जमाखर्च

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. दोघेही नोकरी करतो आणि मिळून दरमहा १,३५,००० रुपये हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता ४१,०००, घरखर्च ३८,०००, दहा वर्षांच्या मुलीची शाळा ९,०००, चिपळूणला सासू-सासऱ्यांना ८,०००, विम्याचे सरासरी ५,००० आणि म्युच्युअल फंडातील एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) १२,००० रुपये असा हिशेब आहे. गेल्या तिमाहीत शनिवार-रविवारच्या नाटक, सिनेमा, मैफली यांवर दरमहा सरासरी १४,००० रुपये गेले : तिकिटे ४,६००, बाहेरचे जेवण ५,२००, टॅक्सी २,७०० आणि मध्यंतरातील खाणे १,५००. यजमानांचे म्हणणे आहे की हा खर्च ४,००० वर आणून १०,००० रुपये एसआयपीत वाढवावेत. मला वाटते की दक्षिण मुंबईतील एका कलाकेंद्राचे १८,००० रुपयांचे वार्षिक कौटुंबिक सभासदत्व घेतले, तर तिकिटांवर २० टक्के सवलत मिळून खर्च आपोआप उतरेल. ते विनाव्याज हप्त्यांवरही मिळते. बँकेत ६०,००० रुपये आहेत. डिसेंबरातील कॉन्सर्टचे क्रेडिट कार्डावरील ४०,००० रुपये बाकी असून सध्या किमान रक्कम भरत आहोत. काय करावे?

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न एसआयपी की सभासदत्व असा आहे, परंतु या पत्रातील सर्वांत महागडी गोष्ट आपण शेवटून दुसऱ्या ओळीत, जवळजवळ जाता जाता लिहिली आहे, त्यामुळे सुरुवात तेथूनच करतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरील व्याजाचा दर कार्डानुसार बदलत असला, तरी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा दर सर्रास आढळतो. त्या दराने ४०,००० रुपयांवर महिन्याला १,४०० रुपये व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे २५२ रुपये, असे १,६५२ रुपये होतात. मराठी व्यावसायिक नाटकाची पुढच्या रांगेतील तीन तिकिटे ५०० रुपये दराने १,५०० रुपयांना येतात, म्हणजे आपण तिघांनी न पाहिलेल्या एका नाटकाचे पैसे दरमहा बँकेला देत आहात. शिवाय किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली, की नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही संपते, आणि त्या कार्डावर काढलेल्या प्रत्येक नव्या तिकिटावर पहिल्या दिवसापासून व्याज लागू होते. एकावर एक मोफत तिकिटाची जी योजना पाहून अनेक जण क्रेडिट कार्ड घेतात, तिचा सारा फायदा अशा वेळी व्याजातच विरून जातो.

बचत खात्यात पडून असलेल्या पैशांवर वर्षाला अडीच-तीन टक्के मिळत असताना कार्डावर वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक देत राहणे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. म्हणून बँकेतील ६०,००० पैकी ४०,००० रुपये काढून हे कार्ड या महिन्यातच पूर्ण फेडावे. हाती केवळ २०,००० रुपये राहतील, ही गोष्ट मलाही फारशी रुचत नाही. तथापि दोघांचेही पगार चालू आहेत आणि हा खड्डा तीन महिन्यांत भरून काढता येईल. तो कसा, हे पुढे येतेच.

आता यजमानांच्या प्रस्तावाविषयी. आपण पत्रासोबत पाठवलेल्या त्यांच्या तक्त्यात दरमहा १०,००० रुपयांचे दहा वर्षांत जवळपास अठ्ठावीस लाख होतात, कारण त्यात परतावा वर्षाला १५ टक्के धरला आहे. इतका परतावा नियोजनात गृहीत धरू नये. १० टक्के धरल्यास तीच रक्कम सुमारे साडेवीस लाख होते, त्यांतील बारा लाख आपण स्वतः भरलेले असतात, आणि महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर त्या साडेवीस लाखांची आजच्या पैशातील किंमत साडेअकरा लाखांच्या जवळ येते. ही रक्कम लहान नाही आणि मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी ती उपयोगी पडेल, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या कुटुंबाचा अत्यावश्यक मासिक खर्च हप्त्यासह एक लाखाच्या घरात आहे आणि ज्याच्याकडे आकस्मिक निधी म्हणून एका महिन्याचेही पैसे नाहीत, त्याने आधी एसआयपी वाढवली, तर पहिल्याच अडचणीत ती युनिटे विकावी लागतात, आणि तीही बहुधा बाजार पडलेला असताना. सध्याची १२,००० रुपयांची एसआयपी तशीच चालू ठेवावी, वाढवण्याचा विचार नंतर करावा.

सभासदत्वाचा हिशेब थोडा खोलात जाऊन मांडतो, कारण अशा योजना अलीकडे सर्वत्र दिसतात आणि त्यांतील सवलत कागदावर आकर्षक असते. तिथल्या कार्यक्रमाचे एक तिकीट १,२०० रुपयांचे धरू. नाटक, नृत्य किंवा संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी नाही. ५०० च्या वर गेले की १८ टक्के लागतो. त्यामुळे १,२०० चे तिकीट प्रत्यक्षात १,४१६ रुपयांना पडते. २० टक्के सवलतीनंतर मूळ किंमत ९६० आणि करासह सुमारे १,१३३ रुपये होते, म्हणजे एका तिकिटामागे २८३ रुपये आणि तिघांच्या एका कार्यक्रमामागे साधारण ८५० रुपये वाचतात. १८,००० रुपये वसूल होण्यासाठी वर्षाला किमान २२ कार्यक्रमांना जावे लागेल. आपणच लिहिलेल्या तपशिलानुसार गेल्या वर्षी त्या केंद्रात आपण चार वेळा गेलात. बावीस वेळा गेलात, तर सवलत वसूल होईल खरी, पण त्या बावीस कार्यक्रमांच्या तिकिटांचे, जेवणाचे आणि टॅक्सीचे पैसे वेगळेच जातील. त्यामुळे हे सभासदत्व घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नरिमन पॉइंट किंवा चर्चगेटच्या परिसरात राहणाऱ्या आणि दर आठवड्याला मैफलींना जाणाऱ्या निवृत्त दांपत्याला मी कदाचित उलट उत्तर दिले असते.

विनाव्याज हप्त्यांचेही असेच आहे. अशा योजनेत बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी रक्कम सवलत म्हणून आधी वजा करतो, परंतु व्याजावरील जीएसटी आणि असल्यास प्रक्रिया शुल्क ग्राहकालाच भरावे लागते. रक्कम थोडी असते, तरी थकबाकी असलेल्या कार्डावर आणखी एक हप्ता चढवणे सध्या तरी टाळावे.

राहिला प्रश्न १४,००० रुपयांचा, आणि येथे माझे मत आपल्या दोघांपेक्षा वेगळे आहे. आपण दिलेली विभागणी नीट पाहिली, तर तिकिटांवर या रकमेचा जेमतेम तिसरा हिस्सा जातो. उरलेले ९,४०० रुपये तिकिटाच्या आजूबाजूला, म्हणजे जेवण, टॅक्सी आणि मध्यंतर यांत खर्च होतात. यजमान म्हणतात तसे सगळे ४,००० वर आणायचे ठरवले, तर व्यवहारात सर्वप्रथम नाटकच बंद होते आणि हॉटेल चालू राहते, कारण नाटक आधी ठरवावे लागते आणि हॉटेलात ऐनवेळी जाता येते. म्हणून तिकिटांचे ४,६०० रुपये तसेच ठेवावेत आणि कात्री भोवतालच्या खर्चाला लावावी.

यासाठी आपल्या गावाचा फायदा घ्यावा. मराठी व्यावसायिक नाटक एकाच नाट्यगृहात मुक्काम ठोकत नाही. ज्या नाटकाचा प्रयोग शनिवारी पार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात किंवा दादरच्या शिवाजी मंदिरात असतो, त्याचा प्रयोग काही आठवड्यांत ठाण्याच्या गडकरी रंगायतनात अथवा डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात, कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात किंवा आपल्याच डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात लागण्याची शक्यता बरीच असते. पालिकेची नाट्यगृहे अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतात, तेवढा काळ सोडला तर थोडी वाट पाहण्याची तयारी एवढीच किंमत मोजून टॅक्सी आणि रात्रीचे हॉटेल हे दोन्ही खर्च टळतात. आपल्या टॅक्सीच्या नोंदींपैकी बहुतेक रविवारच्या आहेत. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला, की चारच्या प्रयोगासाठी दादरला वेळेत पोहोचण्याची खात्री वाटत नाही आणि माणूस टॅक्सी बोलावतो. मुंबईतील प्रयोग शक्यतो शनिवारी दुपारचा घ्यावा, अथवा रविवारचा घेतल्यास ब्लॉकचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून लवकर निघावे. यजमानांचा लोकलचा मासिक पास रविवारीही चालतोच, म्हणजे प्रवासखर्च केवळ आपल्या तिकिटाचा आणि मुलीच्या अर्ध्या तिकिटाचा.

तिकीट काढताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. ऑनलाइन काढलेल्या प्रत्येक तिकिटावर कन्व्हिनियन्स फी आणि तिच्यावरचा जीएसटी लागतो. घराजवळच्या नाट्यगृहाच्या तिकीटबारीवर जाता येता तिकिटे काढली, तर हे पैसे वाचतात आणि तक्त्यावर बोट ठेवून खुर्ची निवडता येते, हा आनंद निराळा. दुसरे असे, की सिनेमाला कराचा नियम वेगळा आहे. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या सिनेमा तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. शनिवारी मल्टिप्लेक्समध्ये ४०० रुपये मोजले, तर त्यांतील सुमारे ६१ रुपये कराचे असतात, आणि ५०० रुपयांच्या नाटकाच्या तिकिटात शून्य. त्यात आपल्या मध्यंतराच्या १,५०० रुपयांपैकी बहुतेक पैसे मल्टिप्लेक्समधील पॉपकॉर्नचे आहेत. नाट्यगृहातील बटाटावड्याने कोणाचे अंदाजपत्रक कोलमडल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही.

या बदलांनंतर तिकिटे ४,६००, जेवणखाण २,४०० आणि प्रवास १,००० असा ८,००० रुपयांचा खर्च राहील आणि ६,००० वाचतील. शिवाय आपण दिलेल्या आकड्यांची बेरीज १,२७,००० होते, म्हणजे दरमहा ८,००० रुपये कुठे जातात हे आपल्याही लक्षात आलेले नाही. दोन्ही मिळून १४,००० रुपये पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात वळते करावेत. पहिल्या तीन महिन्यांत कार्डासाठी काढलेले ४०,००० भरून निघतील आणि त्याच गतीने साधारण वीस महिन्यांत तीन महिन्यांच्या खर्चाइतका, म्हणजे तीन लाखांचा निधी उभा राहील. तो झाल्यावर यजमानांची सूचना अवश्य अमलात आणावी आणि १४,००० पैकी १०,००० एसआयपीत घालावेत. उरलेल्या ४,००० मधून निधी सहा महिन्यांपर्यंत हळूहळू वाढवता येईल.

या पहिल्या तीन महिन्यांत तिकिटांचा खर्चही निम्म्यावर आणता आला, तर उत्तम. आपली मुलगी चित्रे काढते, असे आपण लिहिले आहे. जहांगीर आर्ट गॅलरीत १९५२ पासून प्रदर्शने भरत आहेत आणि तेथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत. समोरच्या चौकातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे तिकीट नाममात्र असते. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरणारा काळा घोडा कला महोत्सवही विनामूल्य असतो, मात्र शनिवार-रविवारची तेथील गर्दी पाहता लहान मुलीसह सकाळीच जावे. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, त्यामुळे शाळेच्या सुटीत मधल्या वारी जाण्याचा बेत असेल तर तेवढे पाहून घ्यावे.

मोठ्या कॉन्सर्टला माझा विरोध नाही. मात्र तिचा सारा खर्च एकाच महिन्याच्या ८,००० मध्ये बसवू नये. डिसेंबरासाठी आत्तापासून दरमहा २,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करावी आणि ते पैसे याच ८,००० मधून बाजूला काढावेत. तिकीट विक्री सुरू होईल तेव्हा ठेवीत जेवढे असेल, तेवढ्यातच जागा घ्यावी. दूरच्या स्टँडमधली मिळाली, तरी चालेल. तिकिटे संपली असता वाढीव दराने कोणी देऊ केली तर घेऊ नयेत, कारण पुनर्विक्रीच्या तिकिटावर प्रवेश नाकारला गेल्यास पैसे परत मिळण्याची कोणतीही शाश्वती नसते.

कार्ड फेडताना शेवटच्या विवरणपत्रातील आकडा भरून थांबू नका. विवरणपत्राच्या तारखेपासून भरणा होईपर्यंतचे व्याज पुढच्या महिन्यात पुन्हा लागून येते. बँकेशी संपर्क साधून त्या दिवशीची संपूर्ण देय रक्कम विचारावी, तेवढी भरावी आणि पुढील विवरणपत्रात थोडे उरलेले व्याज दिसल्यास तेही देय तारखेपूर्वी भरावे. सलग दोन विवरणपत्रे शून्य येईपर्यंत या कार्डावर एकही तिकीट काढू नये.